सांध्यातले पाणी : काळ्या खडकातील गुहांकडे जाताना

मुरूम हा शब्द मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. घराच्या जोत्यात भरतात तो मुरूम, पाणंदीवर अंथरतात तो मुरूम, आणि विहीर खणताना काळी माती संपली की कुदळीखाली जो खरखरीत आवाज येतो तोही मुरुमाचाच. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात बेनितुरा नदीच्या काठी याच नावाचे गाव आहे. ज्या अभ्यासविषयाची ही प्रस्तावना, त्याचे दार म्हणून मला हे गाव आणि हा शब्द दोन्ही जवळचे वाटतात. मुरूम म्हणजे झिजून, कुजून मोकळा झालेला काळा खडक. काळा खडक म्हणजे गोठलेला लाव्हा. आणि त्याला कुजवले कोणी, तर पाण्याने. ओंजळभर मुरूम उचलला की या विषयातली दोन्ही मुख्य पात्रे हाती येतात.

विषय आहे ज्वालामुखीच्या खडकातील गुहांचा: त्या लाव्हामुळे कशा घडतात, वाहत्या पाण्याने कशा घडतात, आणि दख्खनच्या पठारावर या दोघांचे काम एकमेकांत कसे गुंतले आहे. मुरूमच्या शिवारात उभ्या असलेल्या वाचकाला साहजिकच प्रश्न पडेल की इथे गुहा कुठून आल्या? नजर जाईल तिथवर तूर, सोयाबीन, ऊस. डोंगर म्हणावा असा डोंगर बालाघाटाच्या कडेला गेल्याशिवाय भेटत नाही. प्रश्न रास्त आहे. पण गुहा डोंगरात दिसत असली, तरी ती नेमकी कुठे पडणार हे खडकाच्या थरांनी फार आधी ठरवलेले असते, आणि ते थर इथल्या शेतातल्या विहिरीतही उघडे दिसतात. म्हणून डोंगराकडे जाण्याआधी थोडे विहिरीत डोकवावे, अशी वाचकांना माझी विनंती आहे.

त्याही आधी आपल्या भाषेकडे एकदा पाहू. डोंगरातल्या पोकळीसाठी मराठीत एकच शब्द नाही. ओढ्याच्या वाटेवर, धबधब्याच्या आड, पाण्याने कोरलेली ती घळ. कड्याच्या पोटात आडवी गेलेली, दोन माणसे पावसात आडोशाला बसतील एवढी ती कपार. डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेले भोक म्हणजे नेढे. सुईच्या नेढ्यावरून आलेला हा शब्द राजगडावर आणि रतनगडावर आजही सर्रास चालतो. नदीच्या पात्रात खडकाला पडलेले गोल, खोल खड्डे ते रांजणखळगे. जमिनीखाली लांबवर गेलेले ते भुयार. आणि माणसाने छिन्नीने कोरलेले ते लेणे. या शब्दांचा क्रम नीट लावला तर घडण्याच्या रीती आपोआप वेगळ्या होतात. गुरे राखणाऱ्यांनी आणि गडकऱ्यांनी केलेली ही वर्गवारी इतकी नेमकी आहे की अभ्यासाला नव्याने लागणाऱ्याने तीच हाताशी धरावी, असे मी सुचवीन.

यात एका प्रकाराला मात्र जुना मराठी शब्द नाही. ती म्हणजे लाव्हाने स्वतः केलेली गुहा. शब्द का नाही, याचे उत्तर आपल्या जमिनीच्या इतिहासातच आहे.

पातळ लाव्हा उतारावरून वाहू लागला की त्याच्या पृष्ठावर, तापवलेल्या दुधावर साय धरावी तशी, कातडी धरते. हजार अंशांच्या वर तापलेला रस आत वाहत राहतो आणि ती कातडी जाड होत होत छप्पर बनते. खडक उष्णता फार हळू सोडतो, त्यामुळे छपराखालचा रस किलोमीटरमागे जेमतेम एखादा अंश थंड होतो आणि फार दूरवर पोचतो. पुढे ज्वालामुखीचा पुरवठा आटला आणि उतार पुरेसा असला, तर आतला रस निथळून जातो. मागे उरते ते रिकामे भुयार. याला आता आपण लाव्हा-नलिका म्हणू. हवाई बेटावरची काझुमुरा ही अशा भुयारांत सर्वांत लांब, ६५ किलोमीटरहून अधिक. तिला घडवणारा लाव्हा सुमारे ५०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे बहमनी काळातला. आइसलंडमध्ये आणि कोरियाच्या जेजू बेटावरही अशी भुयारे आहेत, त्यांत दिवे लावून माणसे फिरतात.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याने आज उरलेली सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात असतो तसा शंकूच्या आकाराचा, माथ्यावर धूर सोडणारा पर्वत इथे डोळ्यांसमोर आणू नका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून रस वर आला आणि सपाट प्रदेशावर पसरत गेला. काही प्रवाह पश्चिमेकडून निघून थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेले असावेत असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सपाटीवर लाव्हाला निथळून जायला वाव नसतो. आत येणारा रस कातडीला खालून उचलतो आणि तव्यावरची भाकरी फुगावी तसा सारा थर फुगतो. हातभर उंचीचा प्रवाह फुगत फुगत कित्येक मीटर जाड होतो आणि आत भरलेला रस तिथेच गोठतो. रिकामे भुयार उरायला जागाच राहत नाही. जिथे नलिका झाल्या असतील तिथेही त्या पुढच्या लाव्हाने भरल्या, किंवा वर साचलेल्या शेकडो मीटर खडकाच्या भाराखाली दबल्या. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ अशा भरलेल्या नलिकांच्या संभाव्य खुणा भूवैज्ञानिकांनी नोंदवल्या आहेत. त्या वाचायला सरावलेली नजर लागते, कारण भुयाराच्या जागी तिथे खडकातच खडक दिसतो.

तेव्हा महाराष्ट्रात लाव्हाची गुहा म्हणून कोणी काही दाखवले, तर वाचकांनी आधी आदराने ऐकावे आणि मग भिंत तपासावी. हवाईतल्या भुयारात भिंतीला लाव्हा ओघळल्याच्या, पातळी उतरत गेल्याच्या आडव्या रेघा असतात, छताला गोठलेले थेंब लोंबत असतात. आपल्याकडच्या बहुतेक गुहांच्या भिंतीला सुटणारे पापुद्रे असतात आणि पायाशी ओल असते. ही पाण्याची सही. लोणारचे सरोवरही अनेकांना ज्वालामुखीचे तोंड वाटते. ते अशनीच्या आघाताने झालेले विवर आहे आणि त्याचा अभ्यास निराळा.

आमच्या भागातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट आपुलकीने सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप उमरगा, लोहारा आणि औसा तालुक्यांतल्या घराघरांत आजही जिवंत आहे. जमिनीतून येणाऱ्या आवाजांमुळे खाली लाव्हा उकळत असेल, ज्वालामुखी फुटेल, ही भीती तेव्हा अनेकांच्या मनात होती आणि अधूनमधून ती आजही कानावर येते. त्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटर काळा खडक, त्याखाली सुमारे ८ मीटर जुन्या गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन पायाखडक, असे ते छिद्र उतरत गेले. सगळा खडक थंड आणि घट्ट. लाव्हा या भूमीवर कधीचा गोठून गेला आहे. भूकंप झाला तो पायाखडकात साठलेल्या ताणामुळे. पश्चिम घाटाकडे हाच काळा खडक दोन किलोमीटरच्या घरात जाड आहे आणि पूर्वेकडे येताना पातळ होत जातो. मुरूमचे वाचक त्या विस्ताराच्या पूर्वेकडच्या, पातळ होत आलेल्या भागावर राहतात, हेही त्या ३३८ मीटरच्या आकड्यातून कळते.

आता विहिरीकडे येऊ. जुनी, रुंद, दगडी बांधकाम फक्त वरच्या हात-दोन हातांपुरते केलेली, खाली उघडा खडक असलेली विहीर निवडा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेले असावे आणि सकाळचे ऊन समोरच्या भिंतीवर पडलेले असावे. वरून पाहिले की पहिला थर काळ्या मातीचा. त्याखाली मुरूम, आधी मऊ मग कठीण. त्यात मधूनच कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसतील, मध्यभागी अजून न कुजलेला काळाभोर गाभा. मूळ खडकाला पडलेल्या चिरांतून पाणी शिरले आणि चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजले, म्हणून हे गोल. मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. तो घट्ट आणि उभ्या चिरांचा असतो. आणखी खाली गेलात की खडकाचा पोत बदलतो: बारीक छिद्रे, त्यांत पांढरे, हिरवट ठिपके. विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. लाव्हा गोठताना आतले वायू वर चढले आणि वरच्या भागात बुडबुड्यांसारखे अडकले, त्या बुडबुड्यांत पुढे खनिजे भरली, तो हा थर. म्हणजे मांजऱ्या लागला की एका लाव्हाप्रवाहाचा माथा लागला, वर होता तो त्याच्या नंतर आलेल्या प्रवाहाचा तळ.

या दोघांच्या मध्ये, काही विहिरींत, विटकरी रंगाची एक पट्टी असते. कधी चार बोटे, कधी हातभर, कधी त्याहून जाड. गेरूसारखी मऊ, नखाने खरवडता येते, ओली असताना हाताला चिकटते. एक प्रवाह आला, थंड झाला, पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ गेला. त्या काळात माथ्यावर पाऊस पडला, खडक कुजला, माती झाली, कुठे राखही पडली असेल. मग पुढच्या लाव्हाने ती माती भाजून काढली. दोन अग्निप्रलयांमधल्या उसंतीची ही नोंद आहे. मी पहिल्यांदा तिच्यावर बोट ठेवले तेव्हा बराच वेळ काही बोलवेना. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे पाऊस पडत होता याचा तो पुरावा माझ्या बोटाला लागला होता.

त्या तांबड्या पट्टीच्या वर पाहा. खडक ओला असतो. कधी एखादी बारीक धार, कधी नुसते थेंब, कधी शेवाळाची हिरवी रेघ. वरच्या पाषाणाच्या उभ्या चिरांतून उतरलेले पाणी या मऊ, चिकण थरावर येऊन अडते आणि आडवे वाहू लागते. शेतकरी याला पाझर म्हणतो आणि विहिरीचे भवितव्य त्याच्यावर अवलंबून असते. पाणी कमी पडले तर विहिरीच्या पोटातून आडवे बोअर मारतात, तेही याच सांध्याच्या रोखाने. या अभ्यासाची किल्ली मला विचाराल तर ती हा सांधा आहे. लाव्हाने आपल्याला तयार गुहा दिली नाही. त्याने कठीण आणि मऊ थर एकावर एक रचून दिले. युरोपीय अभ्यासकांनी या खडकाला दिलेले ‘ट्रॅप’ हे नाव स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलेले आहे, ते या रचनेमुळेच. बालाघाटाची कड किंवा सह्याद्रीचा कोणताही डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. पाण्याला कुठे शिरायचे ते सांध्यांनी सांगितले. पुढचे सगळे काम पाण्याचे.

विहिरीत हा सांधा उभ्या भिंतीत दिसतो. तोच सांधा डोंगराच्या कड्यावर उघडा पडला आणि वरून ओढा कोसळू लागला की घळ घडू लागते. धबधबा वरच्या कठीण पाषाणाला सहजासहजी खात नाही. त्याचे तुषार मात्र मागच्या बाजूला, मऊ थरावर, सतत उडत राहतात. तो थर ओला होतो, वाळतो, सुटतो. सांध्यातला पाझर आतून पोखरतो, तुषार बाहेरून. काही हजार वर्षांत वरचा पाषाण पुढे छज्ज्यासारखा राहतो आणि त्याच्या खाली, पाण्याच्या पडद्याआड, पोकळी होते. छज्जा फार लांबला की तुटून दरीत पडतो, धबधबा थोडा मागे सरकतो आणि घळ पुन्हा आत सरकते. दरीच्या तळाला पडलेले भलेमोठे चौकोनी दगड दिसले तर ते जुन्या छज्ज्यांचे तुकडे समजा. महाडजवळची शिवथरघळ, जिथे समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितला अशी परंपरा आहे, ती अशीच धबधब्याच्या कुशीतली. मराठवाड्यातल्या वाचकांना बीड जिल्ह्यातला सौताडा किंवा कपिलधार जवळ पडेल. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली पडते आणि पायथ्याशी रामेश्वराचे देऊळ आहे. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. दर्शनाला जाल तेव्हा धबधब्याच्या मागच्या कड्यावरही नजर टाका आणि कोणता थर आत गेला आहे, कोणता बाहेर आला आहे, ते पाहा.

घळीची ही रचना माणसाने बांधून काढल्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली. बंधारा भरून वाहू लागला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खिडकीबाहेर पाण्याचा पडदा उभा राहतो. वर कठीण छत, मध्ये पोकळी, पुढे पाणी. ज्या कारागिरांनी हे योजले त्यांनी सह्याद्रीतली किंवा बालाघाटातली एखादी घळ पाहिली असेल का, हे कागदोपत्री सांगता येणार नाही. पण पावसाळ्यात त्या दालनात उभे राहिल्यावर घळीत बसण्याचा अनुभव येतो, एवढे नक्की.

नदी सपाट खडकावरून वाहते तिथे पाण्याची रीत बदलते. कुकडी नदीच्या पात्रात, निघोज आणि टाकळी हाजी या गावांच्या मध्ये, खडकाची अशी काही चाळण झाली आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते माणसाचे काम वाटावे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा एका खळग्यात अडकतो आणि गरगर फिरत राहतो. जात्याच्या पाळूने दाणा भरडावा तसा तो खडक भरडतो. खळगा खोल होतो, गोटा झिजून संपतो, दुसरा येऊन पडतो. शेजारशेजारचे दोन रांजण मधली भिंत झिजून एक झाले की त्यांतून पाण्याची नवी वाट निघते, कुठे खडकाची कमान उरते. गुहा म्हणजे डोंगरात आडवी गेलेली जागा अशी आपली कल्पना असते. ती निघोजला जाऊन एकदा मोडून घ्यावी.

मुरूमपासून पूर्वेला आणि ईशान्येला गेले की काळ्या खडकावर तांबडा जांभा दिसू लागतो. जांभा हा याच काळ्या खडकाचा, उष्ण आणि दमट हवेत दीर्घकाळ कुजून, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरून झालेला अवतार. तो जाळीदार असतो. पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या चिकण थरावर गोळा होते, म्हणजे पुन्हा सांधाच. औसा तालुक्यातली खरोशाची लेणी अशा जांभ्याच्या टेकडीत कोरलेली आहेत. छिन्नीला तो दगड मऊ गेला, पण नक्षीला टिकला नाही, हे तिथल्या झिजलेल्या मूर्ती पाहताना उमगते. बीदर तर या बाबतीत पाठशाळाच आहे. बहमनी काळात तिथे जांभ्यातून भुयारी कालवे काढले, त्यांना करेझ म्हणतात, आणि ते जमिनीखालच्या पाण्याच्या मूळ वाटेने गेले आहेत. त्याच शहरात झरणी नरसिंहाचे स्थान आहे. सुमारे ३०० मीटर लांबीच्या भुयारात छातीएवढ्या पाण्यातून चालत गेल्यावर शेवटी देवाचे दर्शन होते. सीमेपलीकडे असले तरी उमरगा-मुरूमकडची कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात. पायाखाली गार पाणी, दोन्ही बाजूंना जाळीदार दगड: जांभ्यातले पाणी कसे चालते हे तिथे अंगाला कळते.

पाण्याने दाखवलेल्या जागा माणसाने ओळखल्या आणि छिन्नी उचलली, तिथून या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. ‘लेणे’ हा आपला शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ या रूपात भेटतो आणि त्याच्या सोबतीला पुष्कळदा ‘पोढी’ असते, म्हणजे पाण्याचे टाके. लेणे आणि टाके यांचे दान एकत्र दिल्याचे उल्लेख आहेत. ज्यांनी डोंगर निवडला त्यांनी पाणीही पाहिले होते. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर आहेत आणि दरीच्या टोकाला धबधबा आहे. वेरूळच्या २९ व्या लेण्याशेजारी पावसाळ्यात वेळगंगा कोसळते. कारागिराला अखंड, एकसंध पाषाणाचा जाड थर हवा होता. त्याच्या वर किंवा खाली मऊ थर असला तर काम सोपे झाले, पण पाणीही आत आले. लेण्यांच्या छतांना, मागच्या भिंतींना पावसाळ्यात जो ओलावा येतो, ज्याच्याशी जतन करणारे आजही झगडतात, तो याच सांध्यांतून येतो.

धाराशिवची लेणी शहरापासून जवळ, बालाघाटाच्या एका घळवजा दरीत आहेत. जेम्स बर्जेस यांनी १८७० च्या दशकात त्यांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतल्या दुसऱ्या लेण्याचे सभागृह सुमारे ८० फूट लांब-रुंद आहे आणि त्याची ठेवण अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण करून देते. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर विद्वानांत मतभेद आहेत. त्यात मी इथे शिरत नाही. मला वाचकांचे लक्ष एका कथेकडे वेधायचे आहे.

मुनी कनकामर यांनी सुमारे अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये ते संपादून प्रसिद्ध केले आणि काव्यातले तेरापूर म्हणजे आपले तेर व डोंगरातले लेणे म्हणजे धाराशिवचे लेणे, अशी ओळख मांडली. कथेत करकंड राजा लेण्यात येतो. पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या सिंहासनावर त्याला दगडाची एक गाठ दिसते. मूर्तीच्या सौंदर्याला ती खटकते. तो एका वृद्ध कारागिराला विचारतो. कारागीर सांगतो की लेणे खोदताना इथे पाण्याची शीर लागली होती, ती बंद करण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजाला ते पाहण्याची इच्छा होते, तो गाठ फोडायला लावतो. पाणी उसळते आणि लेणे भरून जाते.

कथा कथेच्या जागी ठेवली तरी तिच्यातला खडक खरा आहे. लेणे कोरता कोरता पाण्याची शीर लागणे, ती दगडाने बंद करणे, आणि ती जागा एका म्हाताऱ्या कारागिराच्या ध्यानात असणे: दख्खनच्या खडकात काम केलेल्या कोणालाही हे पटेल. काव्य रचणाऱ्या मुनींनी खाणकामाची ही माहिती कोणाकडून तरी ऐकली असली पाहिजे. त्या अनाम वृद्धाला मी आपल्या भागातला या विषयाचा पहिला जाणकार मानतो. आजचा विहीर खणणारा, सुरुंगाच्या भोकातून ओला चुरा निघाला की हात थांबवणारा, त्याच परंपरेतला. भूजल सर्वेक्षणाचे अहवाल, भूशास्त्राची नियतकालिके, पुरातत्त्वाचे ग्रंथ हे सगळे अवश्य वाचा. पण त्यांच्याइतक्याच गांभीर्याने या माणसांशी बोला. मांजऱ्या किती हातांवर लागला, तांबडी पट्टी कुठे संपली, कोणत्या बाजूने पाझर आला, हे त्यांना शिवारातल्या प्रत्येक विहिरीचे तोंडपाठ असते.

नव्या वाचकाने क्रम कसा ठेवावा? मी म्हणेन, आधी विहीर, मग एखादी दगडाची खाण, मग नळदुर्ग, धाराशिव, खरोसा, आणि त्यानंतर बीदर किंवा निघोज. खाणीत कधीकधी मांजऱ्याच्या थरात मुठीएवढ्या, क्वचित डोके आत जाईल एवढ्या पोकळ्या उघडतात आणि आत गारगोटीचे स्फटिक चमकतात. ती लाव्हाने दिलेली खरी, छोटी गुहा. वायूच्या बुडबुड्याची, पाण्याने आत खनिजे आणून सजवलेली. तिला हातोडी लावू नका, तिचे चित्र काढा. लेण्यात शिरण्याआधी वर पाहून आग्यामोहोळ आहे का ते बघा आणि असेल तर त्या दिवशी बाहेरूनच परत फिरा. घळीत पावसाळ्याच्या भरात जाऊ नका. आश्विन-कार्तिकात पाणी बारीक झाले की मागचा खडक नीट दिसतो. विहिरीत उतरण्याआधी मालकाला विचारा, एकट्याने उतरू नका.

सोबत एक वही असू द्या. मुरूममध्ये किंवा तुमच्या गावात एक विहीर नक्की करा. मृगाचा पहिला चांगला पाऊस कोणत्या तारखेला झाला ते लिहा. मग रोज सकाळी काठावर जाऊन त्या तांबड्या पट्टीकडे पाहा. कोरडा खडक आधी काळपट होतो, मग चमकू लागतो, आणि एके दिवशी पट्टीच्या वरच्या कडेवर पहिला थेंब धरतो. त्या दिवसाची तारीखही लिहा.